मिलाग्रीस सायबिणीच्या बहिणी

दर वर्षी ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चपुढे सकाळपासून रांग लागते. कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या हातात हार, आणि पुष्कळांच्या हातात तेलाची बाटली. रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका असतात, कडेवर लहान मूल घेतलेले बाप असतात. मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे चमत्कारांच्या मारियामातेला तेल वाहायचं, नवस फेडायचा आणि बाहेर भरलेल्या जत्रेत चणे, खाजे, मातीची भांडी घेऊन घरी जायचं, असा हा दिवस. मारियेला तेल वाहण्याचा विधी रोमच्या कुठल्याही पोथीत सापडणार नाही. पण उत्तर गोव्यातल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही. ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे.

सात बहिणी आणि एक भाऊ यांची ही कथा बार्देश-डिचोलीत घरोघर सांगतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिराबाय. बहिणींची यादी गावागणिक थोडी बदलते, पण मिराबाय बहुतेक यादीत असते. ती म्हापशाला गेली, ख्रिस्ती झाली आणि मिलाग्रीस सायबीण म्हणून चर्चमध्ये राहिली, असं लोक सांगतात. बहिणी एकमेकींना विसरल्या नाहीत, तेल आणि फुलांची देवघेव त्यांच्यात चालत आली, असंही सांगतात. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, उपास करून निखाऱ्यांतून चालतात. मिलाग्रीसचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, आणि लईराईची जत्रा उन्हाळ्याच्या त्याच दिवसांत, थोड्याच अंतराने येतात, आणि दोन्हीकडे जाणारी माणसं पुष्कळदा तीच असतात.

या कथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती धर्मांतराची कबुली. बहीण दुसऱ्या धर्मात गेली, हे कथा लपवत नाही. पण नातं तुटलं असंही म्हणत नाही. गोव्यात जे घडलं त्याचं इतकं नेमकं वर्णन इतिहासाच्या पुस्तकातही क्वचितच सापडतं.

जे घडलं ते सौम्य नव्हतं. आफोन्सु द आल्बुकर्कने नोव्हेंबर 1510 मध्ये गोवा बेट कायमचं जिंकलं. पहिली तीसेक वर्षं देवळांना फारसा धक्का लागला नाही. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, आणि 1560 च्या दशकात बार्देश व साष्टीतली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज फोंडा तालुक्यात जी देवळं आपण हौसेने पाहतो, त्यांतली बरीचशी नदीपार पळवून नेलेल्या देवांची आहेत. 1560 मध्ये इन्क्विझिशनचं न्यायासन गोव्यात बसलं आणि मधला अल्प खंड सोडला तर 1812 पर्यंत टिकलं.

देव गेले, पण जमीन जागेवरच राहिली. आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला जमिनीत दिसते.

गोव्यातलं गाव गावकरीवर चालत असे. गावच्या जमिनीची मालकी गावकऱ्यांच्या वांगडांकडे, म्हणजे मूळ घराण्यांकडे सामायिक असे. खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे बांध, मानशी (पाण्याचे दरवाजे), पाण्याचं वाटप, देवळाचा खर्च, जत्रेतले मान हे सगळं गावकरी ठरवत. 1526 मध्ये आफोन्सु मेशियाने हे रिवाज फोराल नावाच्या दस्तऐवजात नोंदवून घेतले, कारण महसूल गोळा करायचा तर ही व्यवस्था मोडून चालणार नव्हतं. 1541 मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आलं. गावकरी ख्रिस्ती झाले, पण गावकरीच राहिले. ज्या घराण्याकडे जत्रेत पहिला मान होता, त्याच्याकडे आता फेस्ताचा मान आला. देवळाच्या महाजनांच्या जागी कोंफ्रारीचे, म्हणजे चर्चमधल्या धार्मिक मंडळाचे सदस्य आले, खांद्यावर लाल झगा घालून मिरवणुकीत चालू लागले. जातीसुद्धा तशाच आत आल्या. बामण, चारडे, सुदिर यांच्या कोंफ्रारी वेगळ्या, आणि कोणी कुठे उभं राहायचं यावरून भांडणंही जुनीच. मिश्रणाचं कौतुक करताना ही बाजू विसरता येत नाही. देवाबरोबर उतरंडही वारसाहक्काने आली.

कणसाचं फेस्त पाहिलं की ही गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते. साष्टीत रायच्या चर्चमध्ये ते ऑगस्टच्या सुरुवातीला होतं, ताळगावात 21 ऑगस्टला. भात नुकतं निसवलेलं असतं. पाऊस मधूनच सर मारतो. चर्चमधून मिरवणूक निघते, वाजंत्री पुढे, पाद्री मागे, आणि सगळे शेताच्या बांधावर येतात. पाद्री प्रार्थना म्हणतो, पवित्र जल शिंपडतो, आणि विळ्याने पहिली कणसं कापली जातात. ताळगावच्या गावकऱ्यांना पहिलं कणीस कापण्याचा मान आल्बुकर्कच्या काळापासून आहे, अशी तिथली श्रद्धा. मग कणसांच्या जुड्या वाटल्या जातात. घरी नेऊन ती जुडी आल्तारापाशी, क्रूसाजवळ लावायची. नव्या भाताचे पोहे करायचे, नारळ-गूळ घालून खायचे. त्यानंतरच कापणीला हात घालायचा. त्याच दिवसांत, गणेश चतुर्थीच्या आगेमागे, हिंदू घरांत नवं आणतात. तीच लोंबी आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधतात. नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला, हा नियम शेतकऱ्याच्या मनात इतका खोल आहे की कोणत्याही बिशपाला तो काढून टाकता आला नसता. चर्चने तो काढला नाही. आशीर्वाद देऊन आपलासा केला.

उत्तर कोकणातही हेच. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्यानंतर युरोपीय मिशनरी निघून गेले आणि धर्मकार्य स्थानिक पाद्र्यांच्या हाती राहिलं. मुंबई-ठाणे-वसईतले ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा पिकाचा सण साजरा करतात. आजही भाताच्या ओंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, मग ज्या जमिनीवर ते भात पिकायचं तिथे आता इमारती उभ्या का असेनात. त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणण्याचा विधी आहे. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्याने वधू किंवा वराला न्हाऊ घालायचं. उंबराची फांदी मांडवाला हवीच.

पण सगळीकडे चर्चने आशीर्वादाचा हात वर केला नाही. 1736 चं इन्क्विझिशनचं फर्मान वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी एका गोष्टीबद्दल त्याचे आभारही मानावेसे वाटतात. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी काय काय करू नये, याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात ओव्या म्हणू नयेत. वधूवरांच्या अंगाला हळद, तेल चोळू नये. विडे-फुलं पाठवू नयेत. अंगणात तुळस लावू नये. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये. चुलीवरच्या भातापर्यंत पोचलेली ही सत्ता आहे. पण धर्मांतरानंतर दोनशे वर्षांनी ज्यावर बंदी घालावी लागते, ते दोनशे वर्षं चालू असलं पाहिजे. त्या काळातल्या सामान्य बाईने काहीच लिहून ठेवलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघराचं आणि लग्नघराचं इतकं तपशीलवार चित्र आपल्याला तिच्यावर बंदी घालणाऱ्यांनीच दिलं.

आणि बंदीनंतरही ते चालू राहिलं. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आजही रोस असतो. वधू आपल्या घरी, वर आपल्या घरी. खवलेल्या नारळाचं दाट दूध काढून ठेवलेलं असतं. आई पहिली पुढे येते, दुधात बोट बुडवून लेकीच्या कपाळावर क्रूस काढते, मग दंडांना, हातांना ते चोळते, केसांना खोबरेल लावते. मग मावश्या, आत्या, शेजारणी. शेवटी मुलांचा दंगा आणि डोक्यावरून ओतलेलं दूध. हळद गेली, तिच्या जागी नारळ राहिला. विधीचा क्रम, आदल्या दिवसाचं न्हाण, बायकांची गाणी, सगळं राहिलं. मामाच्या घरी चुडो भरायचा, कांकणकाराने हिरव्या-पिवळ्या-लाल बांगड्या भरायच्या. नवरा गेला तर त्याच बांगड्या शवपेटीवर फोडायच्या, अशी जुनी चाल. लग्नाच्या आठवड्यात भिकाऱ्यांना जेवण घालायचं, ते घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने. पितरांना जेवू घातल्याशिवाय घरात मंगलकार्य करायचं नाही, ही भावना पर्गेटरीच्या, म्हणजे मृतात्म्यांच्या शुद्धिस्थानाच्या शिकवणीत अलगद बसली. वऱ्हाड परतताना गावाच्या हद्दीवर शीम घालतात. रस्त्यावर रेघ ओढायची, तिच्यावर फेणी ओतायची, म्हणजे एका गावाची राखण तिथे संपली आणि दुसऱ्या गावाची सुरू झाली. ही रेघ ओढणारा माणूस तासाभरापूर्वी चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेला असतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटू नये.

हद्दीचा आणि राखणीचा हा धागा फार जुना आहे. कोकणातल्या गावात देव आधी राखणदार असतो, मग बाकी काही. हद्दीवर, पारावर, बांधावर त्याची जागा असते, रात्री तो काठी आपटत फिरतो, त्याला रोट आणि दारू द्यावी लागते. गोव्यात या राखणदाराला देवचार म्हणतात, आणि त्याला मानणाऱ्यांत ख्रिस्तीही होते आणि आहेत. तिठ्यावर, बांधावर, झाडाखाली उभे राहिलेले पांढरे क्रूस त्याच भूगोलावर आले. मे महिन्यात त्या क्रूसापुढे वाड्यातले लोक जमतात, फुलं घालतात, व्हायोलिनच्या साथीने लादाईन ही प्रार्थना म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. जुन्या घरांपुढे चौथऱ्यावर बांधलेला क्रूस पाहिला तर तुळशीवृंदावनाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ आलेक्झांडर हेन यांनी गोव्यातल्या अशा जागांचा बराच अभ्यास केला. गावदेव आणि गावचा संत या दोघांकडे लोक मागतात तेच ते: आजार बरा कर, पाऊस दे, हद्द सांभाळ. मोठ्या पातळीवरही हे घडलं. 1683 मध्ये संभाजी महाराजांची फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत नेऊन ठेवला आणि राज्य संताच्या हवाली केलं. मोगल कोकणात उतरल्याने मराठ्यांना परतावं लागलं. लोकांच्या दृष्टीने संताने गोवा राखला. तेव्हापासून ‘गोंयचो सायब’ हा साऱ्या गोव्याचा राखणदार झाला.

कुंकळ्ळीत ही गुंतागुंत सगळ्यात तीव्र आहे. जुलै 1583 मध्ये रुदोल्फो आक्वाविवा हा जेझुइट पाद्री चार सहकाऱ्यांसह तिथे चर्चसाठी जागा पाहायला गेला. हा तोच आक्वाविवा, जो त्याआधी फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या दरबारी होता. गावकऱ्यांनी त्या पाचही पाद्र्यांना आणि बरोबरच्या अनेकांना ठार केलं. देवळं पाडली गेल्याचा राग ताजा होता. नंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं आणि त्यांतल्या बहुतेकांना मारण्यात आलं. देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. गावात आरोग्यमातेचं चर्च उभं राहिलं, गावातले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. रोमने त्या पाच पाद्र्यांना 1893 मध्ये धन्य घोषित केलं. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारकही कुंकळ्ळीत आहे.

शिमग्याच्या दिवसांत फातर्प्याची देवी आपल्या जुन्या गावी भेटीला येते. गुलाल उधळत, ढोल-ताशात, लाल छत्र्यांच्या मिरवणुकीने. हा सांत्र्यांचा उत्सव. छत्र्या बारा, बारा वांगडांच्या. त्या बारा वांगडांत धर्म बदललेल्यांचीही घराणी आहेत, आणि त्या घराण्यांचे लोक उत्सवात आपुलकीने सामील होतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट न्यूमन यांनी या छत्र्यांवर आणि देवीवर लिहिलं, तेव्हा त्यांचा रोख स्पष्ट होता: हिंदू गोवा आणि ख्रिस्ती गोवा असे दोन गोवे पाहू नका, खालची जमीन एकच आहे. मी त्यांच्याशी सहमत आहे, पण एक गोष्ट जोडावीशी वाटते. कुंकळ्ळीतला हा जिव्हाळा रक्तपात विसरून आलेला नाही. दोन्ही बाजूंचे मेलेले लोक त्या गावाला नावानिशी आठवतात, आणि तरीही छत्री एकत्र उचलली जाते.

1583 मध्ये त्या पाद्र्यांचे देह परत मिळवण्याची खटपट ज्याने केली, तो फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला मराठीमुळे परिचित आहे. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. 1616 मध्ये राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. आदामापासून येशूपर्यंतची कथा त्याने पुराणाच्या बांधणीत आणि ओवीच्या चालीत घातली. कारण व्यवहारी होतं. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं काढून घेतली होती आणि त्यांच्या कानांना त्यांची भूक होती. आपले सोबती जिथे मारले गेले, त्याच साष्टीत राहून तिथल्या लोकांच्या कानाला काय गोड लागतं हे त्याने इतक्या मायेने शिकून घेतलं, याचं मला फार मोठं अप्रूप वाटतं. पुढे 1736 मध्ये त्याच चर्चचं न्यायासन लग्नातल्या ओव्यांवर बंदी घालतं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं, हे गोव्यात वारंवार घडलं.

आता एका सवयीबद्दल लिहायला हवं. ख्रिस्ती विधीत काही ओळखीचं दिसलं की आपण लगेच म्हणतो, हे आपलंच, वरून फक्त क्रूस लावलाय. वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात. कोळी, भंडारी, गुजराती, सगळे येतात. आपल्याकडे खंडोबाला किंवा देवीला चांदीचे डोळे, पाळणे वाहतात, त्यामुळे हे इथूनच गेलं असं वाटतं. पण पोर्तुगाल-स्पेनच्या खेड्यांत मेणाचे अवयव वाहण्याची रीत जुनी आहे, फातिमात आजही चालते. विल्यम ख्रिश्चन या अमेरिकन इतिहासकाराने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या काळात, 1575 ते 1580 च्या दरम्यान, खेड्याखेड्यांतून मागवलेल्या उत्तरांचा अभ्यास केला. त्यात दिसतं ते असं: टोळधाड आली, साथ आली, पाऊस नाही आला की गाव अमुक संताला नवस बोलतं, त्याचा दिवस पाळतं, डोंगरावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, मिरवणूक नेतं. म्हणजे जहाजातून उतरलेला साधा पोर्तुगीज शिपाई किंवा सुतारसुद्धा नवस बोलणाराच होता. इथे भेटले ते दोन शेतकरी धर्म. दोघांच्याही देवांना गाव होतं, दिवस होता, नवस कळत होता. म्हणून त्यांची गाठ इतकी घट्ट बसली. गोव्यातला सां जुआंवही याच जातीचा. 24 जूनला डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारायच्या. सेंट जॉनच्या दिवशी पाण्यात उतरण्याची चाल युरोपातही होती. इथे तिला पहिल्या पावसाने भरलेली विहीर मिळाली आणि नव्या जावयाचा मान जोडला गेला.

शिवोलीचा जागर मात्र इथलाच, मातीतून उगवलेला. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री गावातले हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागऱ्यो देवाला जागवतात. दिवट्या पेटतात, सुवारी निघते, रात्रभर सोंगं येतात. सुरुवातीच्या नमनात हिंदू दैवतांचीही नावं येतात आणि संतांचीही. पोर्तुगीज अमलात जागरावर बंदीचे हुकूम निघाले होते. सेंट आंतोनही याच गावाचा; त्याच्या मूर्तीच्या हातातल्या दोरीला नाग बांधलेला आहे. चर्चच्या बांधकामात नागाने अडथळा आणला आणि संताने त्याला आवरलं, अशी कथा. नागाला मारलं, असं कथा सांगत नाही.

हे सगळं गावागावांत, खालून घडलं. वरून ठरवून असं करण्याचा प्रयत्न पुढे झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1962 ते 1965 च्या दरम्यान कॅथलिक चर्चला लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या रीतीने उपासना करायची मोकळीक दिली. भारतातल्या बिशपांनी 1969 मध्ये बारा बदलांना रोमची मान्यता मिळवली: मांडी घालून बसणं, हात जोडणं, समई, आरती. हेतू चांगला होता आणि मला तो मनापासून पटतो. तरी पुष्कळ भाविक बिथरले. मिसात आरती आली तेव्हा ती त्यांना हिंदू वाटली. ज्यांना ती परकी वाटली, त्यांच्याच घरी लेकीच्या लग्नात रोस लावला जात होता, शेताच्या पहिल्या ओंब्या आल्तारापुढे ठेवल्या जात होत्या, लहान मुलाची दिश्ट मीठ-मिरच्यांनी काढली जात होती. ते त्यांना कधी हिंदू वाटलंच नव्हतं. ते आजीने शिकवलेलं होतं आणि शेताशी, विहिरीशी, हद्दीशी बांधलेलं होतं. आरती समितीने ठरवून दिली होती. आता गोव्यात खाजणांचे बांध फुटताहेत, भातशेती पडीक राहते आहे, कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावकरीच्या जमिनींवर इमारती चढताहेत. कणसाच्या फेस्ताला इन्क्विझिशनपासून कधी भीती नव्हती. ज्या गावात भात लावायला माणूस मिळत नाही, तिथे बांधावर आलेल्या पाद्र्याने कशावर पाणी शिंपडायचं, हा प्रश्न या फेस्तापुढे पहिल्यांदाच आला आहे.